नाव न घेता खणलेली मुळी

तुझं नाव घेऊन सगळे रडले, मी सोडून. दहाव्याला तापीवर राजघाटाला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा भटजी म्हणाले, "बहिणीनं नाव घेऊन सांगावं, काय इच्छा राहिली असेल ती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले आणि नुसतं म्हटलं, "तिची काळजी करू नकोस, मी आहे." नाव घेतलं नाही. कावळा आला. पण मागे कुणीतरी कुजबुजलंच, की पाठच्या भावाचं नावसुद्धा तोंडातून निघत नाही, काय काळजाची बाई आहे. निघत नाही असं नाही रे, मी निघू देत नाही. का, ते तुला सांगायचंच आहे, पण शेवटी. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे.

गोदूला आठवा महिना चालू आहे. माझी एकुलती एक लेक, तुझी एकुलती एक भाची. याआधी दोनदा तिची कूस पाचव्यातच रिकामी झाली. दुसऱ्या खेपेनंतर ती बोलेनाशी झाली होती, तेव्हा तू कचेरीतून येताना तिच्यासाठी रानातलं काहीबाही घेऊन यायचास, कधी मोराचं पीस, कधी एखादी चमत्कारिक शेंग, आणि तिच्या उशाशी ठेवून मुकाट बसून राहायचास. यंदा तिसरी खेप. भाद्रपदात ती माहेरी आली तीच भेदरलेली. आश्विनात तू ते चूर्ण आणलंस, चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं बांधून. "रोज सकाळी चिमूटभर, दुधातून. नववा लागेपर्यंत थांबवायचं नाही," एवढंच सांगितलंस. पाचवा सरला. सहावा सरला. पोट वाढत राहिलं, पोरगी हसायला लागली. आणि मार्गशीर्षात तू गेलास. तू गेलास तेव्हा बरणीचा तळ दिसायला लागला होता, आणि ते चूर्ण कशाचं होतं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

हे ज्याला सांगावं तो मला वेड्यात काढेल. कारण तू तो माणूस, ज्याला रस्त्यातलं गवतसुद्धा नाव घेतल्याशिवाय ओलांडता येत नसे.

जंगलखात्याच्या कचेरीत तू साहेबासाठी झाडाझुडपांची चित्रं काढायचास. साहेबाच्या जाड पुस्तकातून लॅटिन नावं उचललीस आणि मग आमच्या कानांची सुटका राहिली नाही. जेवायला यायचास माझ्याकडेच, तुझी बायको गेल्यापासून तुझी चूल बंदच होती. पायातल्या वहाणा काढायच्या आधी तुझं सुरू, आज अमुक दिसलं, तमुक दिसलं. मी म्हणायची, "आधी हात धू, मग तुझी मंत्रपुष्पांजली." शाळेतल्या माझ्या मुली तुला 'लॅटिनमामा' म्हणायच्या, ते तुला माहीत होतं आणि आवडतही होतं. नाही म्हणू नकोस.

हे वेड तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मला पक्कं आठवतं. आपली आई ती काळी, दोन नांग्यांची शेंग विंचवाच्या डंखावर उगाळून लावायची आणि तिला विंचू म्हणायची. डोईफोडिया गावची मावशी आली की त्याच शेंगेला वाघनखी म्हणायची. तू लहान होतास, दोघींच्या मध्ये उभा राहून तू रडकुंडीला आलास, की खरं नाव कुठलं. आई म्हणाली, "ज्या घरात असशील तिथलं खरं." मला ते तेव्हाच पटलं. तुला कधीच पटलं नाही. मोठेपणी एक दिवस तू विजयी चेहऱ्यानं आलास आणि म्हणालास, "अक्का, ती मार्टिनिया आहे. कुण्या साहेबाचं आडनाव लावलंय तिले. आणि सांगू? ती आपली नाहीच. समुद्रापलीकडून आली, जहाजात बसून."

"आईची विंचू जहाजात बसून आली?"

"हाव."

मी त्या दिवशी तुला भाजी वाढली नाही. नुसत्या वरणावर जेवलास आणि जेवतानाही हसत होतास.

तुझं म्हणणं काय होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. तू शंखपुष्पीचं उदाहरण द्यायचास. "इथं बुऱ्हाणपुरात मागितलीस तर एक देतील, उत्तरेकडे दुसरीच देतील, दक्षिणेत तर गोकर्णाचं मूळ हातावर ठेवतील. तिघेही शपथेवर सांगतील की हीच शंखपुष्पी. औषध घेणाऱ्याचं काय होईल, तू समजून नाही राहिलीस अक्का." मी म्हणायची, औषध घेणारा इथलाच आहे ना, तो कशाला जातो दक्षिणेत. पण एकटी असताना ते मनात राहायचं. आता तर कायमचं राहिलं आहे.

आणि माझं म्हणणं तुला कळायचं, हेही मला ठाऊक आहे. कळलावीवरून आपण किती भांडलो. रानात कुंपणावर चढते, ज्वाळेसारखी फुलं, कंद पोटात गेला तर माणूस उरत नाही, आणि नुसता लावला तरी कळा सुरू होतात. मी म्हटलं, "आमच्या नावात सगळं आलं. गर्भारशीनं नाव ऐकलं की ती चार हात लांब उभी राहते. तुझे साहेब काय म्हणतात तिला?"

"ग्लोरिओसा सुपर्बा."

"म्हणजे?"

तू जरा चाचरलास. "म्हणजे... वैभवशाली. फार सुंदर."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं. "मारणारीला सुंदर म्हणतात, आणि तू मला शहाणपण शिकवतोस." त्या दिवशी मी जिंकले होते. तू पान आवरून उठलास आणि दारातून म्हणालास, "पण एकदा ऐकलेलं विसरणार नाहीस." खरंच विसरले नाही. ते कसं उपयोगी पडलं ते पुढे सांगते.

भांडणाच्या भरात मी तुला एक कधी बोलले नाही. माझं कपाळ पांढरं झालं तेव्हा गोदू कडेवर होती. सासरच्यांनी कोपरा दाखवला होता. तू आलास, कुणाशी वाद घातला नाहीस, माझं गाठोडं छकड्यात टाकलंस आणि मला इथे शनवारा मोहल्ल्यात आणून सोडलंस. मला धड वाचताही येत नव्हतं. तू पाटीवर अक्षरं काढून द्यायचास, आणि अक्षरांच्या शेजारी पानं काढायचास, की कंटाळू नये. वडाच्या पानाजवळ व, पिंपळाजवळ प. मुलींच्या शाळेत मला उभं केलंस. लोक तोंडावर बोलले, तू त्यांनाही झाडांची नावं ऐकवून पळवून लावलंस. आज हे लिहिते आहे ती अक्षरं तुझी आहेत. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती, म्हणून तुला जास्तीचं तूप वाढायची.

आता त्या मुळीचं.

आईची रीत तुला पाठ होती, माझ्याइतकीच. औषधाची मुळी आणायची तर आदल्या संध्याकाळी जाऊन तिला आमंत्रण द्यायचं. बुंध्याशी हळदीतांदूळ ठेवायचे, पिवळा दोरा बांधायचा, हात जोडून मनात म्हणायचं की उद्या न्यायला येते, घरात दुखणं आहे, ये. सकाळी जायचं ते मुक्यानं. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही. सगळी खणायची नाही, अर्धी मातीत ठेवायची. आणि घरी आणल्यावर औषध घेणारा बरा होईपर्यंत तिचं नाव कुणाला सांगायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो. आई हे सगळं अगदी सरळपणे करायची, पाहुण्याला बोलावणं करावं तसं. तू यावर आयुष्यभर हसलास. "म्हणजे झाडाला ऐकू येतं, पण फक्त मराठी," असं म्हणायचास.

आश्विनात तू चार दिवस देडतलाईच्या रानात गेलास. कचेरीचं काम आहे म्हणालास. परत आलास ते ती मुळी वाळवून, कुटूनच. मी बरणी हातात घेतली आणि सवयीनं विचारलं, "काय आहे हे?" मला वाटलं आता अर्धा तास लॅटिन ऐकावं लागणार. तू ओठांवर बोट ठेवलंस. मग हसलास आणि म्हणालास, "यंदा तुझ्या रीतीनं, अक्का. गोदूचं बाळ रडलं की सांगतो. दोन्ही नावं सांगतो, एकदम."

मला किती आनंद झाला होता. मी शेजारणीला सांगितलं, आमचा बाबू अखेर वळणावर आला. आज त्या आनंदाची मला भीती वाटते. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. एकदा ऐकलंस, आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं.

ताप तू त्याच खेपेला रानातून आणलास आणि तो येत-जात राहिला. दर वर्षी आणायचास आणि दर वर्षी उतरायचा, म्हणून आम्ही काढे देत राहिलो. या वेळी तो डोक्यात चढला. तिसऱ्या प्रहरी तू बडबडायला लागलास आणि मी ऐकलं, तर सगळी लॅटिन नावं. एकामागून एक, थांबत नव्हतास. शेजारीपाजारी दारात उभे होते, त्यांना वाटलं तू देवाचं काही म्हणतो आहेस. मी तुझ्या तोंडाशी कान नेऊन बसले. बाकीच्या बायका पाणी पाजत होत्या, कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या, आणि मी काय करत होते? मी त्या नावांत एक नाव शोधत होते. यांतलंच एक असेल. कुठलं असेल? मी हळूच विचारलंसुद्धा, "गोदूची मुळी कुठली रे?" तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस, हे मी शपथेवर सांगते. आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवलंस.

थट्टा होती, की वचन पाळत होतास, की हात आपसूक गेला, मला कळलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत तू गेलास. त्या वेळी मी रडले ते तुझ्यासाठी किती आणि भीतीनं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेरावं उरकेपर्यंत मी रोज बरणीत चमचा घालताना हात आखडता घ्यायला लागले. चिमटीची अर्धी चिमूट झाली. गोदूला कळू दिलं नाही. तुझे कागद पाहिले, त्यांत काही नव्हतं. असणारच नव्हतं, तू शब्द दिला होतास. थोडं चूर्ण पुडीत बांधून वैद्यांकडे नेलं. त्यांनी जिभेला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "विदारी." मी विचारलं, कुठली विदारी. ते म्हणाले, "विदारी म्हणजे विदारी, बाई." मग जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे गेले. त्यानं चिमूट हुंगली. "शतावर है बाईजी, किती पाहिजे?" दोघेही शपथेवर सांगणारे. मला तुझा आवाज ऐकू आला, की औषध घेणाऱ्याचं काय होईल. मी पुडी परत पदरात बांधली आणि तापीच्या रस्त्यानं चालत राहिले, कारण घरी गोदू समोर येणार होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. चूर्ण बंद करावं तर मागच्या दोन्ही खेपा डोळ्यांसमोर यायच्या. दुसरंच काही आणून द्यावं आणि ते वाईट निघालं तर माझ्या हातानं होणार. रोज सकाळी गोदू दुधाचा पेला तोंडाला लावायची आणि मी तिचा घोट न् घोट बघत राहायची. ती विचारायची, "आई, तू माझ्याकडे असं काय बघून राहिलीस?" मी म्हणायची, काही नाही, मिशी आली दुधाची, पूस.

शेवटी भिकाला बोलावलं. तुला देडतलाईला नेणारा छकडेवाला. शाळेत सांगितलं, गावाला जाते. गोदूपाशी शेजारीण ठेवली.

थंडी पडली होती. रान वाळलं होतं. नाल्याच्या कडेला बांबूचं बेट आहे, तिथे भिकानं छकडा थांबवला. मी विचारलं, "नक्की इथंच?"

"इथंच ना बाई. संध्याकाळी आले बाबूजी, त्या बेटाजवळ उकिडवे बसले अन् हात जोडले. मले वाटलं इथं देव-बिव आहे का काय. मग म्हणाले, भिका, तू उधर तोंड कर, बघू नको."

"आणि सकाळी?"

"सकाळी तर मजाच. सावली पडली नाही पाहिजे म्हणून इकडून सरकत, तिकडून सरकत. खेकड्यासारखे. मी चोरून पाहिलं ना. मले हसू येऊन राहिलं होतं." मग त्यानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "पण रस्ताभर बोलले नाही, बाई. एक अक्षर नाही. मी म्हटलं तबियत खराब आहे का."

तू. खेकड्यासारखा सरकत. तू, ज्याला रस्ताभर गप्प बसणं म्हणजे उपासापेक्षा कठीण. मी त्या बांबूला धरून उभी राहिले आणि तुझ्यावरचा सगळा राग तिथेच गळून गेला. भिका बिचारा बैलांकडे तोंड करून उभा राहिला.

वेली वाळून काड्या झाल्या होत्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, बांबूवर लोंबणाऱ्या. दोरा नसता तर मी परत आले असते. दोरा होता. हळद उडून गेली होती, पण गाठ आईची होती, दुहेरी, आत वळवलेली. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. दोरा बांधला होता ती एक वेल नव्हती. दोन होत्या, एकमेकींना पीळ घालून चढलेल्या. दोऱ्यात दोघी आल्या होत्या.

आश्विनात दोन्ही हिरव्या असतील. तुला तेव्हा त्यात घोटाळा वाटलाच नसेल, कुठली कुठली हे तुला पानावरून समोर दिसत असणार. माझ्यासमोर दोन काड्या होत्या.

मी काही बोलायच्या आत भिकानं पहारीनं माती उकरली आणि एक कंद ओढून वर काढला. मी पाहिलं. नांगराच्या फाळासारखा वाकलेला, दोन्हीकडे टोकं. त्याच्या काडीला एक सुकलेलं पान चिकटलं होतं आणि त्या पानाचं टोक दोऱ्यासारखं गुंडाळलेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "टाक, ग्लोरिओसा आहे."

"काय?" भिका कंद हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"कळलावी."

त्यानं कंद असा फेकला की बैल बुजले. हात धोतराला पुसले, मातीत घासले, पुन्हा पुसले. मी खाली बसले आणि मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू आवरेना. जिंकलास असं समजू नकोस. लॅटिन आधी आलं हे खरं, तू म्हणाला होतास तसं ते विसरले नव्हते. पण भिकानं कंद टाकला तो माझ्या नावावर. हे भांडण आपण असंच सोडून देऊ.

दुसरी मुळी मी स्वतः उकरली. सावली पडू दिली नाही. मीही खेकड्यासारखी सरकले. ती मोठी, तपकिरी सालीची, आणि एका बाजूनं चाकूनं सरळ कापलेली होती, कापल्या जागी खपली धरली होती. तू अर्धी मागे ठेवली होतीस. रीत पाळली नसतीस तर आज माझ्या हाताला काही लागलं नसतं. मी तिच्यातली अर्धी घेतली, बाकीची माती लोटून झाकली.

तरी परतीच्या सगळ्या वाटेवर मी एकच विचार करत होते, की दोघींची मुळं जमिनीखाली इतकी जवळ होती, तर तुझ्या हातूनही चुकून एखादा तुकडा... नाही. तुला रानफूल पन्नास हातांवरून ओळखता येत होतं. पण तेव्हा तुला ताप चढायला लागला होता का? भिकाला मी तीनदा विचारलं. तो दर वेळी वेगळं सांगे.

मुळी कापली, वाळवली, कुटली. जुन्या चूर्णापेक्षा जराशी पिवळी दिसली. मग शाळेला सुट्टी घेतली, गोदूला शेजारी हळदीकुंकवाच्या गप्पांना पाठवलं, आणि दूध घेऊन ते आधी मी प्यायले. चिमूटभर नाही, मूठभर. चव तीच होती, आधी कडवट आणि मागून गोडसर. घशाला जराशी खवखव. जुन्याची खवखव होती का? आठवेना. मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले आणि वाट बघत राहिले. कशाची, ते लिहवत नाही. छातीत धडधड होत होती, ती विषाची की भीतीची हे कसं ओळखायचं? मग डावा हात बधिर झाला. बराच वेळ मी हललेच नाही, आणि मग लक्षात आलं की मी त्या हातावर बसले होते.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. गोदू आली आणि म्हणाली, "आई, अशी काय बसलीस? भूक लागून राहिली मले." मी उठले आणि पिठलं टाकलं. असं मी पुढचे दिवसही प्यायले. मला काही झालं नाही. पण मी म्हातारी, माझ्या पोटात कुणी नाही. मला चालतं ते तिला चालेल, हे कुठल्या नावावर लिहिलं आहे? जुनं चूर्ण संपलं त्या सकाळी मी पेला तिच्या हातात दिला आणि देवाकडे तोंड करून उभी राहिले. तिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं पोट धरलं.

तू नव्हतास, हे मला त्या क्षणी खरं कळलं. तोवर कुठेतरी वाटत होतं की रानात गेला आहेस. मी अनवाणी धावत काशी सुईणीकडे गेले. तिला हाताला धरून ओढत आणलं. वाटेत मी काय काय बोलले आठवत नाही, तुला फार वाईट बोलले असेन. काशीनं गोदूच्या पोटावर तेलाचा हात फिरवला, डोळे मिटून, सावकाश. मी दाराची कडी धरून उभी होते.

"उतरून नाही राहिलं," ती म्हणाली. "वळून राहिलं. डोकं खाली घेतलं लेकरानं. शहाणं आहे." मग माझ्याकडे बघितलं. "अवो बाई, तिले काही नाही झालं. तुम्हीच पांढऱ्या पडल्या. आधी तुम्ही पाणी प्या."

मी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेला भरला.

आता पौष चालू आहे. माघात ती मोकळी होईल. माझी भीती गेली असं समजू नकोस. ती माझ्या आधी उठते आणि माझ्या नंतर झोपते. गोदू कण्हली तरी मी ताठ होते, गोदू शांत निजली तरी उठून तिचा श्वास बघते. तू असतास तर एका शब्दात ही भीती गेली असती. तो शब्द तू घेऊन गेलास.

म्हणून मी एक केलं. तुझ्या साहेबांची एक पद्धत तू मला रागानं सांगायचास, की झाड शेकडो वर्षं इथलंच, आणि एखादा साहेब येतो, ते बघतो, आणि त्याला कुणाचं तरी नाव चिकटवून देतो. तू म्हणायचास, एखाद्या झाडाला आपल्यातल्या कुणाचं नाव का असू नये. आणि आपल्या आईची पद्धत तर तुला ठाऊकच आहे, ज्या घरात असशील तिथलं नाव खरं. तू गेलास त्याच रात्री बरणी मांडीवर घेऊन बसले असताना मी त्या मुळीला नाव ठेवलं. मोठ्यानं नाही, मनात. तुझं नाव ठेवलं. आपल्या घरात ती आता तुझ्याच नावाची आहे.

आणि औषध चालू असताना मुळीचं नाव घ्यायचं नाही. म्हणून तुझं नाव मी घेत नाही. घाटावर घेतलं नाही, या कागदावर घेतलेलं नाही. बाबू म्हणते, तू म्हणते. लोक काहीही म्हणोत. तू गोदूसाठी एवढा मोठा रस्ता तोंड मिटून गेलास, मला एवढं जमायलाच हवं. बाळ रडलं की पहिल्यांदा घेईन, अशी हाक मारीन की शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत ऐकू जाईल, आणि मग तुझ्यासाठी धड रडेन. अजून मी तुझ्यासाठी धड रडलेलीच नाही रे.

तोवर समाचाराला येणारं माणूस दारात तुझं नाव घेतं, तेव्हा मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं, अक्का रडते आहे. पदराआड मी ओठ घट्ट मिटून बसलेली असते.